दाई जाते

अभिवाचनात मला मिळालेलं काम असं होतं, की ते नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येऊ नये. बाकीचे सातजण पात्रांची वाक्यं वाचायचे, गायचे, शाबासकी मिळवायचे. मी फक्त कंसातला मजकूर वाचायचा. दार उघडतं. तो पत्र फाडतो. ती खिडकीशी जाते. बाळंतपणानंतर आठ महिन्यांनी पहिल्यांदा घराबाहेर पडणाऱ्या बाईला एवढंच झेपेल असा मास्तरांचा हिशेब असावा, आणि तो चुकीचा होता असं मला प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही, कारण त्याच आठवड्यात मी चष्मा फ्रिजमध्ये ठेवला होता आणि लोण्याचा डबा घेऊन वाचायला बसले होते.

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले संगीतशिक्षक, आणि वाचणाऱ्या सातांतलेच एक. वाचनालयाने रद्दीत काढलेल्या गठ्ठ्यात त्यांना एका जुन्या संगीत नाटकाची टंकलिखित प्रत सापडली होती. ऐंशी वर्षांपूर्वी त्याचे जेमतेम तीन प्रयोग झाले, आणि तिसऱ्याला प्रेक्षकांपेक्षा वादक जास्त होते, असं ते कौतुकाने सांगत, जणू त्या रिकाम्या खुर्च्यांचाच वारसा त्यांच्याकडे आला होता. कथा साधी होती. एका गायिकेला मूल होतं. पहिल्या अंकात ती गाणं सोडते, दुसऱ्यात मूल दाईच्या हातात देऊन पुन्हा गायला उभी राहते, आणि तिसऱ्या अंकात एक मृत्युपत्र सापडतं, मग शेवटपर्यंत सगळे त्याच्यावरूनच भांडतात. मुलाचं नावही कुणी काढत नाही. पण गाणी अशी होती, की साथीला पियानोवर बसणाऱ्या दादांनी पहिलं पद वाजवलं तेव्हा वाचनालयाच्या माडीवरच्या त्या लांबट खोलीत खुर्च्या लावणारे आम्ही सगळे होतो तिथे थांबलो होतो.

"आपल्याकडे पडदा नाही, दिवे नाहीत, कपडे नाहीत," पहिल्या तालमीला मास्तर म्हणाले.

"कपडे आहेत हो मास्तर, एवढी काही वेळ आलेली नाही," नाटकात आईचं काम वाचणाऱ्या ताई म्हणाल्या. ताई दिवसा दातांच्या दवाखान्यात पेशंटांच्या वेळा लावायच्या आणि त्यांच्या बोलण्याला तसाच एक धीर देणारा सूर होता.

"आपल्याकडे ही आहे," मास्तरांनी माझ्याकडे बोट केलं. "ही म्हणेल ते घडलं. ही म्हणाली पाऊस, की तुम्ही भिजलात. जागचं हलायचं नाही, हात हलवायचे नाहीत, फक्त ही सांगेल तिकडे बघायचं. तुम्ही नीट बघितलंत तर समोर बसलेल्यालाही दिसतं."

मी डाव्या टोकाला, एका छोट्या टेबलाशी, इतरांकडे तोंड करून बसायची. त्यामुळे सातही चेहरे मला एकाच वेळी दिसत, आणि जे मला दिसलं ते म्हणूनच फक्त मला दिसलं.

'दाई येते. पाळण्याजवळ उभी राहते,' हे मी पहिल्या आठवड्यात वाचलं तेव्हा सात जणांनी सात ठिकाणी पाहिलं. कुणी दाराकडे, कुणी छताकडे, एकाने चक्क घड्याळाकडे. दाईला नाटकात एकही वाक्य नव्हतं, त्यामुळे तिचं वाचन कुणाकडे नव्हतं आणि तिच्यासाठी खुर्चीही नव्हती. दुसऱ्या आठवड्यात नजरा थोड्या जवळ आल्या. तालमीने असं होतंच, मी स्वतःला म्हटलं. तिसऱ्या आठवड्यात मी तेच वाक्य वाचलं आणि सातही जणांनी पियानोच्या पलीकडे, भिंतीपासून हातभर पुढे, एकाच जागी पाहिलं. जागाच नव्हे, उंचीसुद्धा एकच. ताई उभ्या होत्या, त्यांनी नजर खाली केली. मास्तर बसले होते, त्यांनी किंचित वर केली. ठेंगण्या बाईच्या चेहऱ्याकडे बघावं तसं. आणि कुणी त्यांना तिथे बघायला सांगितलं नव्हतं, दार तर दुसऱ्याच बाजूला होतं.

"छान जमलं," मास्तर म्हणाले. मीही छान म्हणाले.

ठकू तेव्हा अजिबात झोपायची नाही. ठकू हे माझ्या मुलीचं सासूबाईंनी ठेवलेलं लाडाचं नाव. खरं नाव मोठं आणि विचारपूर्वक ठेवलेलं आहे, ते फक्त दवाखान्याच्या फायलीवर वापरलं जातं. दुपारी पाळण्यात ठेवली की पाठ टेकायच्या आत रडणं सुरू. खांद्यावर घे, फिरव, गा, पुन्हा ठेव, पुन्हा रड. पुस्तकांत लिहिलं होतं की आईची अस्वस्थता मुलाला कळते, आणि ते वाचल्यापासून मी अधिकच अस्वस्थ झाले होते. एका रविवारी नवरा कपड्यांच्या घड्या करत होता आणि मी पाळण्याला एका पायाने झोका देत, हातात संहिता धरून रंगसूचना मोठ्याने वाचत होते.

"अगं, तिला अंगाई म्हणतेस की पोलिसांत जबाब देतेस?" तो म्हणाला.

"तुला जमतंय का बघ ना मग. ये, घे."

"नको नको, चालू दे. आरोपी रडतोय, पण खटला रंगलाय."

'दाई येते,' मी वाचलं. 'पाळण्याजवळ उभी राहते. मुलाकडे बघते.'

ठकू रडताना मध्येच थांबली. हुंदका अर्धा राहावा तशी. तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे नाही, माझ्या उजव्या खांद्याच्या जरा वर बघितलं. मग पापण्या जड झाल्या आणि ती झोपली. नवऱ्याने हातातला मोजा तसाच धरून माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. दोन तास झोपली ती. मी त्या दोन तासांत आंघोळ केली, भात गरम असताना जेवले आणि न्हाणीघरात उगाच थोडं रडून घेतलं.

त्यानंतर मी ते रोज वाचू लागले. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तेव्हा फार बरं वाटायचं. दुपारी दोन वाजले की मी पाळण्याशी उभी राहून दाईला बोलवायची, आणि मूल दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात गेल्यासारखी माझी मान मोकळी व्हायची. चहा न मागणारी, सल्ला न देणारी, माझ्या पदार्थांना नावं न ठेवणारी बाई. एकदा सासूबाईंसमोर मी गमतीत म्हटलंही, की मी दाई ठेवली आहे. त्या म्हणाल्या, "ठेव बाई. माझ्या वेळी कुणी ठेवू दिली नाही."

मग एक दिवस सासूबाईच म्हणाल्या, "ही सारखी तुझ्या खांद्यावरून काय बघते गं? जळमट झालंय का तिथे?" आणि झाडू आणून त्यांनी भिंतीचा तो कोपरा स्वच्छ केला. ठकूची नजर मात्र झाडूच्या मागे गेली नाही. ती होती तिथेच राहिली. त्याच संध्याकाळी मी तिला घ्यायला वाकले तेव्हा तिने हात पुढे केले, आणि मला क्षणभर कळलं नाही की मला काय खुपलं. हात माझ्याकडे केलेले नव्हते. माझ्या बाजूने, मला ओलांडून, पलीकडे केलेले होते.

मी घाबरट आहे, पण शिकलेली घाबरट आहे. माझी भीती वही-पेन घेऊन बसते. नाटकवाले 'ये-जा'चा एक तक्ता करतात, कोण केव्हा आत येतं, केव्हा बाहेर जातं, म्हणजे मंचावर कुणी विसरून राहत नाही. अभिवाचनाला त्याची गरज नसते म्हणून आम्ही तो केलेला नव्हता. मी केला. सगळी पात्रं जितक्या वेळा येत होती तितक्याच वेळा जात होती. दाई चार वेळा येत होती आणि एकदाही जात नव्हती.

पुढच्या तालमीला मी मास्तरांना तक्ता दाखवला.

"येऊ दे की चार वेळा," ते म्हणाले.

"पण ती जातच नाही, मास्तर."

"अगं, मुकी भूमिका आहे. नाटककाराला तिसऱ्या अंकात मृत्युपत्र सापडलं, त्यापुढे बिचाऱ्याला काही सुचेना. कोण मोजतंय?"

"मग तिसरा अंकभर ती असते कुठे?"

"माझ्यामागे," पियानोवरून दादा म्हणाले. "पानं उलटते माझी."

सगळे हसले. दादा हसले नाहीत, पण ते तसेही फारसे हसत नाहीत.

"एक ओळ घालू का मी? 'दाई जाते' एवढीच."

"मूळ संहितेला हात लावायचा नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू जरा झोप काढत जा गं मुली."

मी हात लावला. घरी येऊन, दुसऱ्या अंकाच्या शेवटी, ताईंचं मोठं पद संपून मध्यंतर व्हायच्या आधी जी एक रिकामी ओळ होती तिथे मी बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलं, दाई जाते. तिथे टाळ्यांच्या आधी एक श्वासभर शांतता असते आणि दोन शब्द सहज मावतात, एवढाच विचार मी केला. ते घरी पाळण्यापाशी म्हणून बघावं असं मनात आलं होतं. पण दुपारचे दोन वाजत आले होते, ठकूला झोपवायचं होतं, आणि प्रयोगाला अजून सहा दिवस होते. त्या सहा दिवसांत मला ती हवी होती.

प्रयोग रविवारी दुपारी चारला होता. खोली भरली, वाचनालयाच्या वरच्या माडीवर इतकी माणसं पहिल्यांदाच पाहिली असं शिपाई म्हणाला. नवरा दुसऱ्या रांगेत होता. माझ्या टेबलामागे कोट आणि छत्र्या ठेवायची छोटी खोली होती, तिथे सासूबाई ठकूला घेऊन बसल्या होत्या. दार मी किलकिलं ठेवलं होतं, म्हणजे ती रडली तर मला कळावं.

पहिला अंक छान गेला. दुसऱ्यात मी वाचलं, 'आई मूल दाईच्या हातात देते,' आणि ताईंनी हात न हलवता, फक्त डोळ्यांनी, मूल दिलं. त्यांचे खांदे वजन उतरल्यासारखे सैल झाले. मग त्या उभ्या राहिल्या आणि ते पद गायल्या. मी ते पद महिनाभर ऐकत होते, पण त्या दिवशी त्यात एक सुटका होती, इतकी उघडी की मला मान खाली घालावी लागली. शेवटचा सूर विरला. ती श्वासभर शांतता आली.

'दाई जाते,' मी वाचलं.

मी मान वर केली तेव्हा सातही नजरा पियानोपलीकडून निघाल्या होत्या. त्या भिंतीच्या कडेने, मास्तरांच्या खुर्चीमागून, हळूहळू माझ्या दिशेने आल्या. खोलीचं बाहेरचं दार माझ्या उजवीकडे, समोरच्या टोकाला होतं. तिकडे कुणीच बघत नव्हतं. नजरा माझ्या टेबलाला वळसा घालून माझ्या मागे गेल्या, त्या किलकिल्या दाराशी, आणि तिथे थांबल्या. प्रेक्षकांतल्या पुढच्या दोन रांगाही तिकडेच बघत होत्या. माझा नवराही. तीन-चार श्वास गेले असतील. मग सगळे डोळे एकदम परत फिरले आणि खोलीच्या लांबीभर, एका ठेंगण्या बाईच्या चालीने, बाहेरच्या दाराकडे गेले. ताई खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. मग टाळ्या वाजल्या.

मध्यंतरात त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांचा तो धीर देणारा सूर कुठेच नव्हता.

"ती ओळ तू घातलीस?"

"हो. ती जात नव्हती ना, ताई. मला वाटलं…"

"अगं, पण तिच्या हातात काय होतं ते बघितलंस का?"

ज्याने एकदा तरी नाटकात काम केलं आहे त्याला हे सांगावं लागत नाही. माणूस बाहेर काढताना त्याच्या हातात काय आहे ते आधी बघायचं. कप असेल तर तो ठेवायला लावायचा, दिवा असेल तर दुसऱ्याकडे द्यायला लावायचा. मी चार वेळा आलेली दाई मोजली होती. तिच्या हातातलं मूल परत घ्यायचं मी कुठेच लिहिलं नव्हतं.

मी कोटांच्या खोलीत धावले. ठकू सासूबाईंच्या मांडीवर झोपलेली होती. गाल गरम, मूठ छातीशी, श्वास चालू. मी छत्र्यांवरच बसले.

"हळू! आत्ता लागलीय झोप," सासूबाई म्हणाल्या. "काय गोड निजली, हूं नाही की चूं नाही."

"कुणी आलं होतं का इथे?"

"तूच नाही का आलीस मघाशी? माझा जरा डोळा लागला होता, पण पायरव कळतो ना. तूच हिला उचललंस आणि तूच परत ठेवलंस."

तिसरा अंक मी कसा वाचला ते आठवत नाही. सगळे म्हणाले, छान झाला.

त्या दिवसापासून ठकू झोपते. पाळण्यात ठेवली की झोपते, उठली की खेळते, भूक लागली की तोंड उघडून वाट बघते. रडत नाही. माझ्या खांद्यावरून बघत नाही. सरळ माझ्याकडे बघते, बराच वेळ, नवीन शेजारीण बघते तशी. नवरा म्हणाला, "सुटलो गं आपण." घोट्यावरचा तीळ जागच्या जागी आहे. तो मी शहाण्या बाईने बघावा त्यापेक्षा जास्त वेळा बघितला. फक्त ती अंगावर पीत नाही आणि मी घेतली तरी मला पान्हा येत नाही. ज्या बाटलीला ती आधी तोंड लावायची नाही ती आता गटागटा संपवते. डॉक्टर म्हणाले, दहावा महिना लागला, असं होतं, आणि तुम्हीच जरा विश्रांती घ्या.

पाचव्या दिवशी दुपारी ती माझ्या मांडीवर बसून चमच्याशी खेळत होती. घरात कुठलाच आवाज नव्हता. आणि माझा शर्ट भिजायला लागला.

मूल रडलं की आईला पान्हा फुटतो. त्यात डोक्याचा काही संबंध नसतो, शरीर कानांच्याही आधी ऐकतं. मी खिडकी उघडून पाहिली. रस्ता रिकामा होता, शेजारी कुणाकडे लहान मूल नाही. पाच-सात मिनिटांनी ते थांबलं. संध्याकाळी पुन्हा. दुसऱ्या दिवशी तीनदा. मी वहीत वेळा लिहू लागले. पहिल्या दिवशी सात मिनिटं. मग सहा. मग पाच, आणि मध्ये मोठा खंड. कुणीतरी रडायचं सोडत चाललं होतं.

मी मास्तरांकडे जाऊन प्रयोगानंतर परत केलेली संहिता मागून आणली. ते म्हणाले, ठेव तुझ्याकडेच, ज्या बाईने मूळ मजकूर बदलला तिच्याकडेच राहू दे. रागावले होते थोडे. ताईंना फोन केला. सगळं सांगितलं.

"परत आण दाईला," त्या म्हणाल्या. "तुझंच काम आहे ते. पण या वेळी नीट लिही."

मी नीट लिहिलं. तीनदा खोडून लिहिलं. 'दाई येते. मूल आईच्या हातात देते. दाई जाते.' प्रत्येक वस्तू कुठून कुठे जाते ते तपासलं, जसं आधी तपासायला हवं होतं. मूल आईच्या हातात द्यायचं तर आईचे हात रिकामे असायला हवेत, हे मला अगदी शेवटी, पेन्सिल खाली ठेवताना सुचलं. म्हणून त्याच्या आधी आणखी एक ओळ घालावी लागली.

आज दुपारी पान्हा दोन मिनिटंही टिकला नाही. मी पान समोर धरलं. ती माझ्या मांडीवर होती, पोट भरलेलं, नुकतीच न्हाऊ घातलेली, केसांना माझ्याच साबणाचा वास.

'आई मांडीवरचं मूल खाली ठेवते,' मी वाचायला सुरुवात केली, आणि तिने माझ्या तोंडाकडे बघत, न रडता, माझ्या ओल्या शर्टाची कॉलर दोन्ही मुठींत घट्ट धरली.